बाळागोळी : गिरणगावातल्या दुधाचा आणि झोपेचा इतिहास

१/
मराठीत ‘अफूची गोळी’ म्हटले की कार्ल मार्क्स आणि त्याचे धर्मविषयक मत आठवते. भाषणांत आणि अग्रलेखांत हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो केवळ रूपक म्हणून ऐकला जातो. मात्र शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागच्या चाळींत अफूची गोळी ही हातात घेता येणारी वस्तू होती. ती तान्ह्या मुलांना दिली जात असे आणि तिचे नाव होते ‘बाळागोळी’.

२/
आई गिरणीत गेली की ती परत येईपर्यंत बाळाने झोपून राहावे, एवढाच या गोळीचा उद्देश होता. तान्हे मूल किती झोपते, आईला किती झोप मिळते, दूध किती वेळा पाजले जाते, हे प्रश्न वरकरणी घरातले वाटतात. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या काळात हेच प्रश्न कामाच्या तासांचे, मजुरीचे आणि अखेर कायदेमंडळातील वादाचे कसे झाले, त्याचा हा इतिहास.

३/
आधी जुनी व्यवस्था पाहणे आवश्यक आहे. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, ही पद्धत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. सोयर असल्यामुळे बाळंतीण स्वयंपाकघरात जात नसे. धार्मिक कारण काहीही असो, त्याचा व्यावहारिक परिणाम असा होई की घरातील इतर बायका काम ओढत आणि बाळंतीण बाळाबरोबर झोपे. बाळ उठले की तिने उठायचे, बाळ निजले की तिनेही पडायचे, असा तो दिनक्रम होता.

४/
हे सुख सर्वांच्या वाट्याला आले, असे मानणे चुकीचे ठरेल. शेतमजुरी करणाऱ्या आणि हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांतील स्त्री थोड्याच दिवसांत कामाला लागत असे. तरीही शेतावर एक सोय होती. बांधावरच्या झाडाला झोळी टांगलेली असे. मूल रडले की आईला ऐकू येई. ती खुरपे खाली ठेवून झोळीपाशी जाई आणि पाजून परत येई. कष्ट होते, उपासमारही होती, पण आई आणि मूल यांच्यामध्ये बंद फाटक नव्हते.

५/
याचे महत्त्व समजण्यासाठी दुधाचे शरीरशास्त्र थोडक्यात ध्यानात घ्यावे लागते. नवजात बाळाचे पोट लहान असते. त्याला चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पाजावे लागते, रात्रीही. आईच्या शरीरात दूध तयार होते ते बाळ पिते त्या प्रमाणात. दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री अधिक असते. पाजण्यात दीर्घ खंड पडत गेला की दूध कमी होऊ लागते. याचा अर्थ असा की दहा-अकरा तास बाळापासून दूर राहणाऱ्या स्त्रीचे दूध हळूहळू आटते.

६/
मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी उभी केली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या परिसराचे ‘गिरणगाव’ झाले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. त्यांत स्त्रियाही होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२० च्या दशकापर्यंत गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण साधारण पाचवा ते चौथा हिस्सा इतके होते.

७/
या स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत. सूत गुंडाळण्याचे हे काम बहुतांशी नगावर मोजले जाई, म्हणजे जितके सूत निघेल तितकी मजुरी. ‘नायकीण’ म्हणवली जाणारी मुकादम स्त्री त्यांच्यावर देखरेख ठेवी. बाळाला पाजण्यासाठी अर्धा तास बाहेर जाणे म्हणजे तेवढ्या सुताच्या मजुरीवर पाणी सोडणे. दिवसभर घरी राहिले तर खाडा. कारखान्यात दुधाच्या प्रत्येक वेळेला अशी पैशांत मोजता येणारी किंमत लागली.

८/
१८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांवर मर्यादित केले आणि त्यात दीड तासाची विश्रांती ठेवली. त्यांच्या रात्रपाळीवरही निर्बंध आले. त्या काळाच्या मानाने ही सुधारणा होती. पण कायद्याने मोजलेले तास गिरणीच्या फाटकाच्या आतले होते. भोंगा होण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर स्त्रीचा दुसरा दिवस असे. सार्वजनिक नळावरचे पाणी, चूल, दळण-कांडण, धुणे ही कामे तिचीच. अनेकजणी एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खाणावळही चालवीत.

९/
राहण्याची जागा बहुधा चाळीतील एक खोली. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे दोन तृतीयांश लोक एकखोली बिऱ्हाडांत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, मोरी, पाहुणे आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारा पुरुषही असे. रात्री बाळ रडू लागले तर केवळ आईची झोप मोडत नसे. पहाटे कामावर जाणाऱ्या सगळ्या बिऱ्हाडाची, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचीही झोप मोडे. बाळाला शांत ठेवण्याची गरज दिवसा होती तशी रात्रीही होती.

१०/
अशा स्थितीत आईपुढे मोजके मार्ग होते. घरात सासू किंवा म्हातारी नातेवाईक असेल तर तिच्याकडे बाळ ठेवणे. नसेल तर सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीच्या कडेवर देणे. शेजारणीला विनवणे. जिथे चालवून घेतले जाई तिथे बाळाला कामाच्या जागीच, कापसाच्या तुसात आणि यंत्रांच्या खडखडाटात, एखाद्या फडक्यावर निजवणे. यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी बाळ दीर्घकाळ झोपलेले असणे सोयीचे होते. बाळागोळीचे स्थान तिथे होते.

११/
येथे एक गल्लत टाळायला हवी. ‘बाळगुटी’ आणि ‘बाळागोळी’ या एकच गोष्टी नव्हेत. वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग यांचे सहाणेवर मोजून दिलेले वेढे म्हणजे बाळगुटी. बाळागोळीत केशर, जायफळ, वेलदोडा असे सुगंधी पदार्थ असत, पण तिचा मुख्य गुण अफूचा होता. ती घरी वळली जाई, तशी विकतही मिळे. पश्चिम भारतात तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल गिरण्यांपूर्वीपासूनच होती. गिरणगावाने ती रोजच्या पाळीला जोडली.

१२/
अफूने बाळ झोपते, परंतु ती झोप निराळी असते. अफू भूक मारते, आतड्यांची हालचाल मंद करते आणि मात्रा वाढली तर श्वासही मंदावते. गोळीतील अफूचे प्रमाण हातावर अवलंबून, त्यामुळे दोन गोळ्यांची ताकद सारखी असेलच असे नाही. गुंगीतले बाळ दूध मागत नाही, म्हणून आईचे दूध कमी होते. दूध कमी झाल्याने बाळ अधिक अशक्त आणि चिडके होते. आणि त्याला शांत करण्यासाठी पुन्हा गोळी लागते. हे चक्र एकदा सुरू झाले की आईला ते ओळखणेही अवघड होते, कारण तिला दिसत असे ते फक्त निजलेले मूल.

१३/
ही अफू कुठून येई? १८७८ च्या अफू कायद्याखाली परवानाधारक दुकानांतून तिची उघड विक्री होत होती आणि तिच्यापासून सरकारला महसूल मिळत होता. ब्रिटनमधील अफूविरोधी चळवळीच्या दबावामुळे १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. लहान मुलांना अफू देण्याच्या प्रथेविषयीही त्याच्यापुढे साक्षी झाल्या. १८९५ च्या अहवालाचा एकूण सूर मात्र आश्वस्त करणारा होता: भारतातील अफूसेवन हे पाश्चात्त्य देशांतील मद्यसेवनासारखेच मानावे.

१४/
मुंबईचे आणि अफूचे नाते याहून जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. या शहरातील अनेक व्यापारी घराण्यांनी अफू आणि कापूस यांच्या व्यापारातून भांडवल उभे केले आणि त्या व्यापारी भांडवलाचा काही भाग पुढे गिरणधंद्यात आला. एकाच पदार्थाचा प्रवास असा, की एका टोकाला तो गिरणीच्या भांडवलात होता आणि दुसऱ्या टोकाला गिरणी कामगार स्त्रीच्या बाळाच्या जिभेवर.

१५/
हे सारे ‘मागासलेल्या’ भारतातच घडत होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. कापडगिरण्यांची जन्मभूमी असलेल्या इंग्लंडमधील लँकशायरमध्ये हेच अर्धशतक आधी घडून गेले होते. तिथे ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड औषध दुकानांत सहज मिळे. कामावर जाणाऱ्या माता आणि त्यांची मुले सांभाळणाऱ्या बायका ते बाळांना पाजत. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ साली इंग्रज कामगारांच्या स्थितीवर लिहिलेल्या ग्रंथात या औषधाचा नावानिशी उल्लेख आहे.

१६/
मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. कापूस येणे थांबले आणि लँकशायरच्या गिरण्या बंद पडल्या. कामगारांची उपासमार झाली. तेथील आरोग्यस्थिती पाहण्यासाठी सरकारने डॉ. एडवर्ड स्मिथ यांना पाठवले. त्यांच्या पाहणीतील एक गोष्ट मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये आवर्जून नोंदवली आहे. काम गेल्यामुळे माता घरी होत्या. बाळांना कॉर्डियल देण्याऐवजी अंगावर पाजायला त्यांना वेळ मिळाला होता. संकटाच्या काळातही या एका बाबतीत लाभ झाला होता. ‘अफूची गोळी’ ज्याच्यामुळे मराठीत रूपक बनली, त्या मार्क्सला बाळांना दिली जाणारी खरीखुरी अफूही ठाऊक होती.

१७/
लँकशायरच्या गिरण्या थांबवणाऱ्या त्याच युद्धाने मुंबईत पैशाचा पूर आणला. इंग्लंडला अमेरिकेऐवजी हिंदुस्थानचा कापूस हवा होता. भाव गगनाला भिडले, सट्टा माजला आणि युद्ध संपताच १८६५ साली बाजार कोसळला. पुढे १८७० च्या दशकात मुंबईत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. लँकशायरहून यंत्रे आली, यंत्रांबरोबर कामाच्या वेळेची शिस्त आली. बाळाला गुंगवून कामावर जाण्याची तिथली गरजही येथे नव्याने निर्माण झाली. फरक इतकाच, की तिथे बाटली होती आणि इथे गोळी.

१८/
पहिल्या महायुद्धानंतर या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय व्यासपीठ मिळाले. १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूती संरक्षणाचा करार संमत केला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर सहा-सहा आठवडे विश्रांती, या काळात निर्वाहापुरते पैसे, आणि अंगावर पाजणाऱ्या कामगार मातेला कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, अशी तरतूद त्यात होती. भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे उपस्थित होते. भारत सरकारला मात्र आधी या विषयाचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. भारताने हा करार स्वीकारला नाही.

१९/
या अभ्यासाच्या ओघात मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची नेमणूक केली. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणापूर्वीची आणि नंतरची स्थिती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यांचा वृत्तान्त मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये सप्टेंबर १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका आकड्याने खळबळ उडाली. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यात म्हटले होते.

२०/
त्याच सुमाराचा दुसरा आकडा बालमृत्यूचा आहे. १९२१ साली मुंबई शहरात दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६६ बालमृत्यू नोंदले गेले. एकखोली बिऱ्हाडांत हा आकडा ८२८ होता. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये तो ८३ होता. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या कामगारांवरील आणि त्यांच्या घरांवरील अभ्यासात हे आकडे ठळकपणे मांडले गेले आणि नंतरच्या अनेक पुस्तकांत ते जसेच्या तसे उतरले.

२१/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबायला हवे. हजारात ८२८ मुले खरोखर मरत असतील तर चाळींत मूल दिसणेच दुर्मीळ झाले असते. मेख नोंदणीत होती. अनेक कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी रत्नागिरीला, साताऱ्याला, आपापल्या गावी जात. जन्म गावी होई, मूल मुंबईत परत येई आणि येथे दगावले तर मृत्यू मुंबईच्या खात्यात पडे. शिवाय शहरातील कित्येक जन्म नोंदलेच जात नसत. भाजक लहान आणि भाज्य मोठा झाल्याने गुणोत्तर फुगले. पुढच्या काही वर्षांत दर चारशेच्या आसपास आणि दशकाच्या अखेरीस तीनशेच्या घरात आला.

२२/
हीच काळजी ९८ टक्क्यांच्या बाबतीतही घ्यावी लागते. एका डॉक्टरांच्या संपर्कात आलेल्या स्त्रियांवरून तो काढलेला आहे. त्यात किती अफू, किती वेळा, याचा भेद नाही. तरीही दोन्ही आकडे निकालात काढता येत नाहीत. फुगवटा वजा केला तरी मुंबईचा बालमृत्युदर इंग्लंडच्या कित्येक पट राहतो. अफू देणे हा तुरळक अपवाद नसून सर्वसाधारण व्यवहार होता, हेही स्पष्ट होते. आणि बाळंतपणासाठी गावी जाण्याची जी चाल आकड्यांत गोंधळ घालते, तीच या स्त्रिया माहेरची विश्रांती मिळवण्यासाठी किती धडपडत होत्या ते सांगते.

२३/
आकडे पुढे आल्यावर दोष कोणाचा, यावर चर्चा सुरू झाली. शासकीय आणि सुशिक्षित वर्तुळांतील आवडते उत्तर ‘मातांचे अज्ञान’ हे होते. १९२४ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने देशभर ‘बाळ सप्ताह’ साजरा झाला. प्रदर्शने, व्याख्याने, गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा असे त्याचे स्वरूप होते. स्वच्छतेचा आणि नियमित पाजण्याचा उपदेश चांगलाच होता. परंतु ज्या स्त्रीचा दिवस भोंग्याने बांधला आहे, तिने नियमित पाजावे ते केव्हा, याचे उत्तर प्रदर्शनाच्या तक्त्यांवर नव्हते.

२४/
ना. म. जोशी यांनी प्रश्नाची मांडणी वेगळी केली. अज्ञान असेल, पण आधी वेळ आणि पैसा लागतो. १९२४ साली त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयक मांडले. कारखाने, खाणी आणि मळे येथील स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात विश्रांती आणि भत्ता मिळावा, हा त्याचा गाभा. १९२५ साली ते फेटाळले गेले. भारतीय स्त्रिया बाळंतपणासाठी आपल्या मर्जीने गावी जातातच, त्यांना कायद्याची गरज काय, अशा धाटणीचे युक्तिवाद त्या काळात वारंवार होत. गावी जाताना मजुरी बुडते, परतल्यावर जागा मिळेलच याची शाश्वती नसते आणि कर्ज वाढते, हे त्यात झाकले जाई.

२५/
प्रश्न पुन्हा मुंबईत आला. आर. एस. आसवले यांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या समर्थनार्थ बोलले. त्या वेळी बाहेर गिरणगावात सहा महिन्यांचा ऐतिहासिक संप चालू होता. आंबेडकरांचा मुद्दा दुहेरी होता. मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारने उचलावा. तथापि मालकांचीही सुटका नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात फायदा आहे म्हणूनच ते त्यांना ठेवतात.

२६/
१९२९ साली मुंबईचा प्रसूती लाभ कायदा अमलात आला. भारतातील या विषयावरचा हा पहिला कायदा. किमान सहा महिने नोकरी झालेल्या कामगार स्त्रीला बाळंतपणापूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे मिळण्याची तरतूद झाली. हा काळ साधारण माहेरच्या सव्वा महिन्याच्याच मापाचा होता. फरक असा, की पूर्वी विश्रांती नातेवाइकांच्या कृपेवर अवलंबून होती आणि आता तिच्यावर हक्क सांगता येत होता. पाजण्यासाठी कामाच्या वेळेत सुट्टी, हा वॉशिंग्टन करारातील भाग मात्र अजून दूरच होता.

२७/
या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भत्त्याचा सारा भार एकट्या मालकावर पडल्यामुळे स्त्री कामगार ‘महाग’ ठरू लागली. त्यातच मंदी, नवी यंत्रे, दुहेरी पाळ्या आणि स्त्रियांना असलेली रात्रपाळीची बंदी ही कारणे मिळाली. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सातत्याने घसरत गेले. खर्च समाजाने वाटून घ्यावा, हा आंबेडकरांच्या भाषणातील विचार बाजूला राहिल्याची ही किंमत होती. तो विचार काही अंशी प्रत्यक्षात आला तो १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात, जिथे प्रसूती लाभ सामाईक निधीतून देण्याची व्यवस्था झाली.

२८/
दरम्यान पाळणाघराचा मुद्दा पुढे सरकत होता. व्हिटली आयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात, जिथे बऱ्याच स्त्रिया काम करतात अशा कारखान्यांत लहान मुलांसाठी पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. बाळ हाकेच्या अंतरावर आले की त्याला गुंगवून ठेवण्याचे मुख्य कारण उरत नाही. बाळागोळीला दिलेले हे सर्वांत व्यवहार्य उत्तर होते आणि त्यात उपदेशाचा अंशही नव्हता.

२९/
स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराबरोबरच आवश्यक त्या अंतराने मुलांना पाजण्याची सोय मातांना देण्याचा उल्लेख आला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या ठरवून दिल्या. वॉशिंग्टनमध्ये जे १९१९ साली कागदावर आले होते, ते येथील कायद्यात स्पष्टपणे यायला ४२ वर्षे लागली. तोपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत पाजत्या आया फारशा उरल्या नव्हत्या.

३०/
२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. मात्र भारतातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत आणि त्यांच्या कामाच्या जागी ना हजेरीपट असतो ना पाळणाघर. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत आजही तान्ही मुले असतात. फडाच्या कडेला झोळी बांधलेली असते आणि कोयता चालवणाऱ्या आईचे लक्ष तिकडे असते.

३१/
बाळागोळीकडे केवळ अज्ञानाचा पुरावा म्हणून पाहिले, तर हा इतिहास मातांना दोषी ठरवून संपतो. ती देणाऱ्या स्त्रीला दूध येत होते, पाजण्याची इच्छा होती आणि जुन्या रीतींनी दिलेले ज्ञानही होते. तिच्याकडे दिवसातले दोन अर्धे तास नव्हते. लँकशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या तेव्हा तेथील मातांना तो वेळ उपाशीपोटी मिळाला. गिरणगावातल्या स्त्रीला तो पोटाला चिमटा न घेता मिळावा, यासाठी जोशी, आसवले, आंबेडकर आणि कित्येक अनाम कामगार स्त्रिया भांडल्या. आज कामाच्या ठिकाणी ‘स्तनपान कक्ष’ अशी पाटी दिसते, तिच्यामागे या भांडणाचा इतिहास आहे.